बिल कंपनीचं, दार पुरुषांचं

कंपनी आपल्या साहेबांच्या क्लबचं बिल भरते, तेव्हा आयकर खातं एक साधा प्रश्न विचारतं. हा खर्च साहेबांच्या मौजेचा की धंद्याचा? मौजेचा असेल तर तो साहेबांच्या पगारात धरा आणि त्यावर कर भरा. धंद्याचा असेल तर सूट मिळेल. पण कोणत्या तारखेला, कशावर आणि धंद्याच्या कोणत्या गरजेपोटी पैसे गेले, याची नोंद ठेवा. कर्मचाऱ्यांच्या क्लब-सदस्यत्वाची फी हा धंद्याचाच खर्च आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये युनायटेड ग्लास कंपनीच्या प्रकरणात मान्य केलं. त्याच्या सुमारे वीस वर्षं आधी मुंबई उच्च न्यायालयानं ओटिस लिफ्टवाल्यांच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली होती.

म्हणजे कागदोपत्री वाद मिटलेला आहे. क्लब ही धंद्याची जागा आहे. कंपनी तसं लिहून देते, सीए त्यावर सही करतो, कोर्टही मान्य करतं.

मग त्याच क्लबच्या दारात बाई उभी राहिली की तो एकदम ‘खासगी’ कसा होतो?

काहीतरी एक ठरवा. घर असेल तर खर्च स्वतःच्या खिशातून करा. पेढी असेल तर दार उघडा.

‘चार पुरुषांनी निवांत बसूही नये का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बसावं की. पत्ते खेळावेत, भजी खावीत, जुन्या आठवणी काढाव्यात. त्याला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती त्या टेबलावर ठरणाऱ्या ऑर्डरींना, कर्जाच्या शब्दाला, ‘आपला माणूस आहे, बघून घ्या’ अशा शिफारशीला. हे सगळं जिथे वाटलं जातं तिथे अर्ध्या जगाला मज्जाव असेल, तर तो निवांतपणा बाईच्या पोटावर पाय देऊन मिळवलेला आहे.

म्युरिअल सीबर्ट हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक उद्योजिकेला माहीत असायला हवं. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर स्वतःची जागा विकत घेणारी ती पहिली स्त्री. तारीख २८ डिसेंबर १९६७, जागेची किंमत ४ लाख ४५ हजार डॉलर. अर्जाला शिफारस करणारा सदस्य लागे. तिनं विचारलेल्या पहिल्या दहांपैकी नऊ जणांनी अंग काढून घेतलं. मग एक्स्चेंजनं तिच्यापुढे नवी अट ठेवली: किमतीपैकी ३ लाख डॉलर कर्जाऊ देऊ, असं बँकेचं पत्र आण. बँका म्हणाल्या, आधी एक्स्चेंज तुला घेतंय असं दाखव, मग पत्र देतो. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि बाई महिनोन्‌महिने हेलपाटे घालत राहिली. अखेर जागा मिळाली. पुढे जवळजवळ दहा वर्षं तिथे १,३६५ पुरुष आणि ती एकटी, असा हिशेब होता.

या बाईला एकदा न्यूयॉर्कच्या युनियन लीग क्लबमध्ये बैठकीला जायचं होतं. लिफ्टनं वर जाऊ दिलं नाही. भटारखान्यातून आणि मागच्या जिन्यानं वर नेलं. शेअर बाजारात तिच्या नावावर जागा होती, तिच्या सल्ल्यावर मोठमोठ्या संस्था पैसे लावत होत्या आणि तिला बैठकीला जायला नोकरांची वाट धरावी लागली. एक्स्चेंजच्या सातव्या मजल्यावर सदस्यांसाठी लंच क्लब होता. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह व्हायला १९८७ उजाडलं, तेही ‘नाही केलंत तर मी फिरतं शौचालय आणून ठेवीन’ असं तिनं अध्यक्षांना बजावल्यावर. लाखो डॉलर मोजून जागा घेतल्यावर वीस वर्षांनी!

न्यूयॉर्क शहरानं मात्र यावर नेमकं बोट ठेवलं. १९८४ च्या कायद्यात त्यांनी क्लबवाल्यांच्या मनात काय आहे, हे विचारलंच नाही. तीन गोष्टी विचारल्या. सभासद चारशेच्या वर आहेत का? नियमित जेवण मिळतं का? आणि सभासद नसलेल्यांकडून किंवा त्यांच्या वतीनं, धंद्याच्या कामासाठी, नियमित पैसे येतात का? तिन्हींचं उत्तर हो असेल, तर तुम्ही खासगी नाही, भेदभाव चालणार नाही. क्लबांची संघटना थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८८ मध्ये एकमतानं हरली. कायद्याला पुरुषी मनोवृत्तीशी झुंजावं लागलं नाही. त्यानं फक्त पावतीपुस्तक मागवलं.

आता आपल्या ओळखीच्या नावाकडे येते. रोटरी.

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही रोटरीची पाटी दिसते. पोलिओचे डोस, मोतीबिंदूची शिबिरं, शाळेला बाकडी, स्मशानभूमीला शेड: रोटरीचं काम मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्याला मनापासून दाद देते. म्हणूनच हा इतिहास सांगायला हवा. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं तीन मित्रांना घेऊन ती सुरू केली. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता, एक शिंपी. प्रत्येक व्यवसायातला एकेकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपापसात स्पर्धा नको आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे पाठवता यावं. सुरुवातीला तर सभासदांनी एकमेकांना किती धंदा दिला याची नोंद ठेवणारा पदाधिकारीही होता. सेवाकार्य नंतर आलं. आधी होतं ते धंद्याचं जाळं, आणि ते फक्त पुरुषांचं होतं.

‘पुरुष’ हा शब्द नियमातून काढून टाका, असा ठराव रोटरीच्या जागतिक परिषदेपुढे १९५० सालीच आला होता. तो पाठवला होता भारतातल्या एका रोटरी क्लबनं. देशाला स्वातंत्र्य मिळून तीन वर्षं झालेली, राज्यघटना त्याच वर्षी लागू झालेली, आणि इथल्या काही व्यापारी-व्यावसायिक गृहस्थांना वाटलं की हा नियम चुकीचा आहे. १९६४ मध्ये तसाच ठराव श्रीलंकेतून, तेव्हाच्या सिलोनमधून गेला. तो परिषदेत मागे घ्यायला लावला.

मग १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे या लहानशा गावच्या क्लबनं तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं. ठराव नाही, आंदोलन नाही. सभासद कमी झाले होते, गावात कर्तबगार बायका होत्या, त्यांना घेतलं. १९७८ च्या मार्चमध्ये मुख्यालयानं अख्ख्या क्लबचीच मान्यता काढून घेतली. क्लबनं मात्र माघार घेतली नाही. नावाआधी ‘माजी’ लावून ते भेटत राहिले आणि कोर्टात गेले.

कोर्टात रोटरीच्या सरचिटणीसांनी काय साक्ष दिली, ते प्रत्येक भारतीयानं वाचावं. स्त्रिया नसल्यामुळे सभासदांना एक प्रकारचा बंधुभाव अनुभवता येतो, हा एक मुद्दा. दुसरा असा की, वेगवेगळ्या चालीरीतींच्या परदेशांत काम करणं त्यामुळे सोपं जातं. म्हणजे दोष आमच्या माथी! बायकांना बाहेर ठेवलं कुणी? अमेरिकेतल्या मुख्यालयानं. कुणासाठी? तर आमच्यासारख्या देशांच्या परंपरा सांभाळण्यासाठी. आणि याच देशातल्या एका क्लबनं डुआर्टेच्या सत्तावीस वर्षं आधीच तो शब्द काढून टाका म्हणून सांगितलेलं, ते कुणी ऐकलेलं नव्हतं. आमच्या संस्कृतीची ढाल करून आमच्याच बायकांना अडवायचं, हा उद्योग आजही चालतो. आता तो करणारे बहुतेक आपलेच असतात, एवढाच फरक.

४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध शून्य अशा मतांनी डुआर्टेच्या बाजूनं निकाल दिला. निकालातल्या नोंदीप्रमाणे रोटरीचे जगभर सुमारे नऊ लाख सभासद होते. कुठल्या क्लबात वीसही नाहीत, कुठे नऊशेच्या वर. दरवर्षी दहातला एक जुना जातो, नवा येतो. बाहेरचे पाहुणे सभेला येऊन बसतात, वार्ताहर येतात. याला घरगुती, जिव्हाळ्याचं नातं म्हणत नाहीत, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी डुआर्टेच्या अध्यक्षपदी सिल्व्हिया व्हिटलॉक या शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या. १९८९ मध्ये जगभरच्या रोटरीतून ती अट गेली. जागतिक अध्यक्षपदावर पहिली स्त्री, जेनिफर जोन्स, आली ती २०२२ मध्ये. आपल्या कोलकात्याच्या शेखर मेहतांनंतर. स्थापनेपासून ११७ वर्षांनी.

अट गेली म्हणून दार उघडलं, असं समजू नका.

माझ्या ओळखीच्या एक बाई औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचा कारखाना चालवतात. कारखाना त्यांनीच उभा केला, कर्ज त्यांच्याच सहीचं. तिथल्या उद्योजकांच्या एका संघटनेच्या त्या सभासद आहेत, वर्गणी वेळेवर भरतात. मासिक सभा संध्याकाळी सातला, हॉटेलच्या हॉलमध्ये. वीजदर, रस्त्यातले खड्डे, सांडपाणी. साडेआठला आभारप्रदर्शन होतं, खुर्च्या सरकतात आणि एक ज्येष्ठ सभासद त्यांच्याजवळ येऊन अगदी आपुलकीनं म्हणतात, “वहिनी, तुम्हाला उशीर होईल. जेवण पॅक करून देऊ का?” यांच्या नवऱ्याला त्या गृहस्थांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. तरी या वहिनी.

वहिनी डबा घेऊन घरी जातात. मंडळी गच्चीवर जातात. त्याला ‘फेलोशिप’ म्हणतात. कुठल्या कंपनीचा नवा प्लांट येतोय, तिथला पर्चेस मॅनेजर कोण, कुणाचं पेमेंट साठ दिवसांवरून नव्वदवर गेलंय, कोणता गडी बुडायला आलाय, हे सारं गच्चीवर कळतं. बाईंना ते तीन महिन्यांनी कळतं, चेक परत आल्यावर.

एकदा त्या थांबल्या. गच्चीवर गेल्या, लिंबू सोडा मागवला, खुर्ची ओढून बसल्या. अर्धा तास सगळे वीजदरावरच बोलत राहिले. पुढच्या महिन्यापासून गच्चीवरचं टेबल दुसऱ्या हॉटेलात गेलं. बाईंना ते वेटरनं सांगितलं.

या संघटनेच्या घटनेत ‘फक्त पुरुष’ असं कलम नाही. दारावर पाटी नाही. महिला दिनाला गुलाबाचं फूलही देतात. पण बाईंचं दरवर्षी किती रुपयांचं काम जातं, ते त्यांना विचारा. त्या आकडा सांगतात. मी तो छापत नाही, कारण त्यावरून त्या ओळखू येतील आणि आहे तेवढं कामही जाईल.

मोठ्या व्यापारी मंडळांनी यावर तोडगा काढला तो ‘महिला विभागा’चा. त्यात बायकांचं स्नेहसंमेलन होतं, दिवाळीआधी मसाले-लोणच्यांचं प्रदर्शन होतं, आरोग्यावर व्याख्यान होतं. मंत्री गावात आले की त्यांना भेटायला कोण जातं? मुख्य कार्यकारिणी. बँकेच्या झोनल मॅनेजरबरोबर चहाला कोण बसतं? मुख्य कार्यकारिणी. फाउंड्री चालवणारी बाई आणि चकलीचं पीठ विकणारी बाई या दोघींना एकाच खोलीत घातलं, कारण दोघी बायका आहेत! दोघींच्याही धंद्याची मला कदर आहे, पण त्यांच्या गरजांत साम्य काय? फाउंड्रीवालीची जागा फाउंड्रीवाल्यांत आहे.

“मग तुमच्या भिशीत पुरुषांना घेता का?” हा दुसरा हमखास प्रश्न. नाही घेत. भिशीचे पैसे कंपनी भरत नाही. हळदीकुंकवात टेंडर फुटत नाही. ज्या दिवशी महिला मंडळाच्या अध्यक्षा तिळगूळ वाटता वाटता दोन कोटींचं कर्ज मंजूर करतील, त्या दिवशी मंडळात पुरुषांना घ्या, असं मी याच सदरात लिहीन.

मोठ्या लोकांत हे याहून वेगळं असेल, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबकडे बघा. आयबीएम ही तिथल्या मास्टर्स स्पर्धेची प्रायोजक. कंपनीच्या प्रमुखाला क्लबचं सदस्यत्व मिळायचं, हा रिवाज. जानेवारी २०१२ मध्ये प्रमुखपदी जिनी रोमेटी आल्या. एप्रिलमध्ये स्पर्धा झाली, कंपनीचा पैसा क्लबला चालला, कंपनीची प्रमुख चालली नाही. त्याच्या दहा वर्षं आधी महिला संघटनांच्या नेत्या मार्था बर्क यांनी स्त्रियांना घ्या म्हणून मागणी केली होती. तेव्हा क्लबचे अध्यक्ष म्हणाले होते, संगिनीच्या धाकानं आम्ही वाकणार नाही. आणि प्रायोजकांवर दबाव नको म्हणून दोन वर्षं जाहिरातींशिवाय स्पर्धा दाखवली होती. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कोंडोलिझा राइस आणि डार्ला मूर या दोघींना सभासद करून घेतलं. राइस यांच्यासारखी परराष्ट्रमंत्रिपद सांभाळलेली बाई गोल्फच्या क्लबात घ्यायला तोवर धजावत नव्हते.

आणि आपले जुने क्लब? कलकत्ता क्लब १९०७ मध्ये निघाला तो गोऱ्यांच्या बेंगॉल क्लबनं भारतीयांना दारातून परत पाठवल्यामुळे. त्या अपमानातून भारतीयांनी स्वतःची वास्तू उभी केली. तिथे स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळालं २००७ मध्ये. शंभर वर्षं! दारातून परत फिरण्याचं दुःख ज्यांना सर्वांत चांगलं ठाऊक होतं, त्यांनीच घरच्या बायकांसाठी दारात तसाच पहारेकरी उभा केला.

कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडे तो वाकडा आहे. घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत लिंगावरून मज्जाव चालणार नाही असं स्पष्ट आहे. खासगी क्लबचं नाव त्यात नाही. २००५ मध्ये पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, संस्थेनं सभासद कुणाला करावं हे संस्थेनं ठरवावं, असा कौल दिला. उलट २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक तरी स्त्री सक्तीची केली आणि सेबीनं शेअर बाजारातल्या पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावली. बाई मंडळाच्या टेबलाशी बसली, ठराव मात्र आदल्या रात्री दुसऱ्याच टेबलाशी शिजला, तर त्या सक्तीचा उपयोग किती?

म्हणून मला न्यूयॉर्कची वाट पटते. क्लबच्या दाराशी भांडू नका, बिलाशी भांडा. आणि ते आज, नवा कायदा न करता, जमण्यासारखं आहे. टॅक्स ऑडिटच्या थ्री-सीडी फॉर्ममध्ये क्लबांवरचा खर्च वर्षानुवर्षं वेगळा दाखवावा लागत आला आहे: प्रवेश फी आणि वर्गणी किती, तिथल्या सेवांवर किती. आकडा कंपनीकडे तयार असतो. स्वतंत्र महिला संचालकांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा आकडा मागावा. सोबत क्लबची नावं मागावीत. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: स्त्रिया पूर्ण सभासद आहेत का, कार्यकारिणीत आहेत का, कंपनीच्या किती महिला अधिकाऱ्यांना तिथलं सदस्यत्व दिलं आहे. पहिल्या रकान्यात ‘नाही’ असेल तिथलं बिल पुढच्या तिमाहीपासून बंद. हाच तक्ता औद्योगिक वसाहतींमधल्या मोठ्या कंपन्यांनी, ज्या संघटनांना त्या देणग्या आणि जाहिराती देतात, त्यांच्याकडूनही मागवावा. आणि सभेनंतरच्या जेवणाचं बिल संघटनेच्या खात्यातून जात असेल, तर ते जेवण सभेच्या सूचनापत्रात वेळ आणि जागेसकट छापून यावं, प्रत्येक वर्गणीदाराला, वहिनींनासुद्धा.